राजवाड्यामागचा कॅनरी आणि त्याची जोडी

हे प्रकरण इंदूरमधल्या एका मराठी घरातलं आहे. घरच्यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. त्यांना इथे फक्त मावशी आणि त्यांचा भाचा म्हटलं आहे. मी स्वतः चौदा वर्षं कॅनरी, म्हणजे चिमणीएवढे गाणारे पक्षी, पाळते आहे. मावशी माझ्या आईच्या भजनी मंडळातल्या, म्हणून हे सगळं मला पहिल्या दिवसापासून जवळून पाहता आलं. काही निर्णयांत मी सामील होते आणि त्यातला एक चुकीचा होता.

पार्श्वभूमी

मावशी तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या. राजवाड्याच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं जुनं दुमजली घर आहे. यजमान २०२३ च्या दिवाळीआधी गेले, मुलगा पुण्यात. सुदामा नगरमध्ये राहणाऱ्या भाच्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना एक कॅनरी आणून दिला. गडद पिवळा, डोक्यावर हिरवट ठिपका, बहुधा वर्षभराचा नर. घरात कोणीतरी बोलतं राहावं, एवढाच भाच्याचा हेतू.

आणि तो बोलायला लागला. सकाळी सात वाजता मावशी देवघरातली घंटा वाजवायच्या आणि रस्त्याकडच्या खिडकीतून याचं सुरू व्हायचं. कॅनरीचा नर गातो तेव्हा चोच पुष्कळदा जवळजवळ मिटलेली असते आणि घसा चेंडूसारखा फुगतो. मावशी पूजा अर्धवट टाकून ते बघत बसायच्या.

सुरुवातीच्या दोन चुका आम्ही मार्चमध्येच दुरुस्त केल्या. दुकानदाराने पिंजरा उंच आणि गोल दिला होता. कॅनरी वर-खाली चढत नाही, आडवा उडतो. त्याला लांबी लागते. अडीच फूट लांबीचा चौकोनी पिंजरा आणला. दुसरी चूक खाण्याची. त्याला नुसती कांगणी मिळत होती, जी बजरीगर नावाच्या छोट्या पोपटांना चालते. कॅनरीला कॅनरी सीड नावाचं गवताचं बी मुख्य हवं, जोडीला थोडी मोहरी आणि थोडे कारळे. कारळे म्हणजे आपल्याकडे बाजारात रामतिल म्हणून मिळतात तेच. वर काकडी, कोथिंबीर आणि जाळीत अडकवलेला समुद्रफेनाचा तुकडा. महिनाभरात पिसांवर चमक आली.

अडचण

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो गप्प झाला. नुसता आवाज कमी झाला असं नाही, पूर्ण बंद. दिवसभर दांडीवर फुगून बसायचा. मावशींचा फोन आला, "एकटं पडलंय गं बिचारं. त्याला जोडी आणायला हवी."

मी जाऊन पाहिलं. पिंजऱ्याच्या तळाशी पिवळी पिसं पडलेली, डोळ्यांमागची जागा उघडी, शेपटीत नवी पिसं देठासारखी उगवलेली. पाखरू पिसं टाकत होतं. उन्हाळा सरला की कॅनरी दरवर्षी सहा ते आठ आठवडे पिसं बदलतो आणि त्या काळात नर गात नाही. सगळी ताकद पिसांत जाते. गाण्याशी जोडलेला मेंदूचा भागसुद्धा या ऋतूत आक्रसतो आणि हिवाळ्यानंतर पुन्हा वाढतो. प्रौढ कॅनरीच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात हे स्टीव्हन गोल्डमन आणि फर्नांडो नॉटेबोम यांनी १९८३ मध्ये दाखवलं, ते या गाण्याच्या केंद्राचा अभ्यास करतानाच. म्हणजे पाखरू दुःखात नव्हतं. पुढच्या वर्षीचं गाणं गायची त्याची तयारी चालली होती.

मी हे सांगितलं आणि शक्य तितकं स्पष्ट सांगितलं की कॅनरी पोपटासारखा नसतो. नराला स्वतःची जागा लागते. एकटा राहून तो सुखाने गातो, उलट मादी समोर आली की पुष्कळ नरांचं गाणं कमी होतं, कारण ज्याच्यासाठी गायचं ते समोरच असतं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तरी एकटंच ना ते."

तेव्हा मी तिथे थांबायला हवं होतं. एकटेपणाचं हे बोलणं कोणाबद्दल आहे हे मला कळत होतं. पण ते तोंडावर बोलणं मला अवघड वाटलं आणि मी विषय पाखरापुरताच ठेवला. पुढच्या सगळ्या घडामोडींचं मूळ त्या संध्याकाळी आहे.

पर्याय काय होते

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. अंड्याचं खाणं वाढवायचं, आंघोळीला उथळ ताटली ठेवायची आणि ऑक्टोबरपर्यंत थांबायचं. माझं मत याच बाजूचं होतं.

दुसरा पर्याय शेजारच्या एका गृहस्थांनी सुचवला: सोबतीला लाल मुनिया ठेवा, जोडी नाही तरी चिवचिव होईल. हा लगेच बाद केला. मुनिया असो की आपला हिरवा पोपट, भारतातल्या रानातले पक्षी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कॅनरीचं मूळ कॅनरी बेटं, मदेरा आणि अझोर्समधलं आणि युरोपात तो काही शतकं पिंजऱ्यात वाढवला गेला आहे, म्हणून तो पाळता येतो. मुनियाला पकडून आणावं लागतं.

तिसरा पर्याय मादी आणण्याचा, पण हिवाळ्यात, ओळखीच्या पाळणाऱ्याकडून. चौथा, लगेच दुकानातून. मी तिसऱ्यावर मावशींना राजी केलं असं मला वाटलं होतं. सप्टेंबरच्या मध्यावर भाच्याचा फोन आला की मादी मिळाली, "गॅरंटी आहे", आणि पिंजरा पिंजऱ्याला लावून ठेवलाही आहे.

पहिली 'मादी'

इथे दोन गोष्टी एकदम चुकल्या.

सप्टेंबरमध्ये कॅनरीचा नर-मादी ओळखणं जवळजवळ अशक्य असतं. दोघं दिसायला सारखेच. विणीच्या काळात पोटाखालची पिसं फुंकरून पाहिली तर नराचा अवयव पुढे आलेला दिसतो, मादीचा सपाट. पण तो काळ संपलेला होता. उरतं गाणं, आणि पिसं टाकताना नरही गात नाही. "बघा, गात नाही, म्हणजे मादी" हा दुकानातला पुरावा त्या महिन्यात काहीच सिद्ध करत नव्हता.

दुसरी चूक जास्त महागात पडू शकली असती. नवं पाखरू किमान तीस दिवस वेगळ्या खोलीत, शक्य तर वेगळ्या घरात ठेवायचं असतं. तसं झालं नाही. आठ दिवसांनी मावशी म्हणाल्या की नवीन पाखरू श्वास घेताना शेपटी हलवतं. रात्री दिवे मालवून मी ते हातात घेतलं आणि कानाशी धरलं. मुठीत त्याचं ऊन अंग आणि आत अगदी बारीक, घड्याळासारखी टिकटिक. श्वासनळीतले बारीक परजीवी (माइट), कॅनरीमध्ये नेहमी आढळणारे. ते चोचीतून, पाण्यातून, जवळिकीतून पसरतात.

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या, पक्ष्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे दोन्ही पाखरं नेली. त्यांनी मानेवरची पिसं बाजूला करून कातडीवर आयव्हरमेक्टिनचा थेंब टाकला आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा टाकला. हे औषध मापाने आणि डॉक्टरच्याच हाताने घालायचं असतं. वीस ग्रॅमच्या जिवाला एक थेंब जास्त झाला तरी निभावत नाही. टिकटिक थांबली. आपल्या जुन्या नराला लागण झालीच नाही, ते केवळ नशीब.

नोव्हेंबरच्या एका सकाळी मावशींनी फोन धरून ठेवला आणि काही बोलल्याच नाहीत. मागून दोन आवाज येत होते. 'मादी'चा घसा फुगला होता.

दुसरा निर्णय

आता दोन नर. एकमेकांना पाहून दोघंही जाळीवर झेपावत होते. दुकानदार पाखरू परत घ्यायला तयार होता, पण मावशींनी नकार दिला. आजारातून उठलेलं पाखरू परत कुठे जाईल हे त्यांना माहीत होतं. दुसरा नर भाच्याकडे सुदामा नगरला गेला. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

खरा प्रश्न होता की आता थांबायचं की मादी आणायचीच. मावशींना या टप्प्यावर जोडी हवीच होती, आणि आता त्यांना पिल्लंही पाहायची होती. मी म्हटलं, मग रीतसर करू.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओळखीच्या पाळणाऱ्याकडून मादी आणली. पायात बंद कडी होती. ही कडी पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आतच पायात चढते, नंतर चढत नाही. तिच्यावरच्या सालावरून वय पक्कं कळतं. या मादीने आदल्या हंगामात अंडी घातलेली होती, म्हणजे ती मादी आहे याबद्दल वादच नव्हता. पाळणाऱ्याने आमच्या नराचा फोटो मागवून मुद्दाम फिकट, पिसांच्या कडांना पांढरट झाक असलेली मादी दिली. गडद पिवळ्याला फिकट द्यायची ही जुनी रीत आहे. दोन्ही फिकट लावली की पिढ्यागणिक पिसं जाड होत जातात आणि कातडीखाली गाठी धरतात.

महिनाभर ती माझ्या घरी वेगळी राहिली. ५ जानेवारीला मावशींकडे गेली, त्याच लांब पिंजऱ्यात, मधे तारेची जाळी सरकवून.

जाळी कधी काढायची

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच.

कॅनरीला विणीची चाहूल वाढत्या दिवसाने लागते. युरोपात वसंतात दिवस लांबतो आणि हवाही सुखाची असते. इंदूरचं गणित वेगळं आहे. डिसेंबरअखेर आपला दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बारा तासांचा होतो, आणि खरा लांब दिवस येईपर्यंत मे महिना उजाडतो, जेव्हा पारा चाळिशीत असतो. त्या उन्हात घरट्यातली पिल्लं टिकत नाहीत. म्हणून दिवा लावून दिवस लवकर लांबवावा लागतो. आम्ही दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं वाढवत गेलो. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत साडेतेरा तास झाले असते.

पण १४ जानेवारीला संक्रांत आली. भाच्याचं कुटुंब तिळगूळ द्यायला आलं, मुलं पिंजऱ्याभोवती जमली, "सोडा ना आजी त्यांना एकत्र." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं की मादीने अजून एक काडी उचललेली नाही. तरी मी म्हटलं, बघू या.

पाच मिनिटं. नराने तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिटाळलं, कोपऱ्यात गाठलं आणि डोक्यावरची पिसं उपटली. मी हात घालून जाळी पुन्हा सरकवली. मादीच्या कपाळावर नखाएवढं टक्कल पडलं होतं. चूक माझी होती. घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि मला नाही म्हणवलं नाही.

त्यानंतर मावशींनी वही केली. रोज सकाळी दोन गोष्टी लिहायच्या: नराने जाळीतून तिला भरवलं का, आणि तिने काडी उचलली का. जानेवारीभर दोन्ही रकाने कोरे. ३ फेब्रुवारीला तिने पिंजऱ्याच्या तळाचा कागद फाडून पट्टी चोचीत धरली. ७ तारखेला नराने जाळीपलीकडून मान पुढे काढली. मादी दांडीवर खाली बसली, पंख थरथरवले, चोच उघडली आणि त्याने आपल्या पोटातलं तिच्या चोचीत घातलं. मावशींनी वहीत त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली आहे. त्यानंतरही आम्ही आठ दिवस थांबलो. दोन्ही रकाने सलग आठ दिवस भरले, तेव्हा १५ फेब्रुवारीला जाळी काढली. एक पीसही गळलं नाही.

अंडी आणि रंगपंचमी

बांबूची वाटीएवढी टोपली, आत नमद्याचं अस्तर, आणि बोटभर लांबीचे कापलेले काथ्याचे तुकडे दिले. लांब दोरे किंवा कापूस दिला तर तो पिल्लांच्या पायात गुंततो आणि पाय जातो. दहा दिवसांत घरटं गोल झालं. २७ फेब्रुवारीला सकाळी पहिलं अंडं, फिकट निळसर, जाड टोकाला तांबूस ठिपके. रोज एक याप्रमाणे २ मार्चपर्यंत चार.

पहिली तीन अंडी आम्ही घातल्या सकाळीच उचलून त्या जागी प्लास्टिकची ठेवली आणि खरी मोहरीच्या थरावर, थंड जागी, दिवसातून दोनदा फिरवत ठेवली. चौथ्या सकाळी सगळी परत दिली. असं केलं नाही तर पहिलं पिल्लू तीन दिवस आधी फुटतं आणि शेवटचं त्याच्या पायाखाली उपाशी राहतं. सातव्या दिवशी बारीक टॉर्चवर धरून पाहिली: दोन अंड्यांत लाल शिरांचं जाळं, दोन रिकामी.

१६ मार्चला दोन पिल्लं निघाली.

आणि १९ मार्चला रंगपंचमी होती. इंदूरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. राजवाड्यापाशी लाखो माणसं, टँकर, तिसऱ्या मजल्यापर्यंत उडणारे रंगाचे फवारे आणि गाड्यांवरचे भोंगे. मावशींचा पिंजरा रस्त्याकडच्या खिडकीत. जोडी लावताना अंडी, उबवण, पिल्लं यांचे दिवस आम्ही मोजले होते, पण पंचांग उघडून पाहिलं नव्हतं.

आदल्या रात्री आम्ही तिघं पिंजऱ्यासमोर बसलो. मागच्या खोलीत हलवावा का? पिल्लांवर बसलेल्या मादीचा पिंजरा हलवला तर ती घरटं सोडू शकते. तिथेच ठेवावा तर आवाज. डॉक्टरांना फोन केला. त्यांचं मत न हलवण्याचं पडलं आणि मलाही ते पटलं. खिडकी बंद करून तिच्यावर दोन रजया टांगल्या, पिंजऱ्यावर चादर घातली, आतला दिवा सुरू ठेवला.

साडेअकराच्या सुमारास भोंगे गल्लीच्या तोंडाशी आले आणि भिंतीवरच्या तसबिरी थरथरू लागल्या. मादी घरट्यावरून उडाली ती वरच्या दांडीला चिकटून राहिली. तिसऱ्या दिवसाची पिल्लं उघडी असतात, अंगावर नुसती लव. स्वतःची ऊब नसते. पाऊण तास ती परत बसली नाही. मावशी चादरीच्या आत हात घालून घरट्यापासून वीतभर अंतरावर गरम पाण्याची पिशवी धरून उभ्या राहिल्या. आवाज पुढे गेल्यावर मादी उतरली आणि बसली. संध्याकाळी एक पिल्लू मान टाकून होतं, अन्नाची पिशवी रिकामी. रात्री ते गेलं. दुसरं वाचलं.

मावशींनी ते पिल्लू तुळशीच्या कुंडीत पुरलं. दोन दिवस त्या फारशा बोलल्या नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

रंगपंचमीच्या आदल्या रात्री पिंजरा न हलवण्याचा निर्णय मी आजही बदलणार नाही. तो निर्णय त्या रात्री घ्यावा लागणं, हे टाळता येत होतं. मादी येण्याआधी, ५ जानेवारीलाच पिंजरा मागच्या खोलीत गेला असता तर तीच खोली त्यांची झाली असती. शहरात जोडी लावणाऱ्याने जाळी काढायच्या दिवसापासून दीड-दोन महिने पुढे मोजावेत आणि त्यात होळी, रंगपंचमी, घरातलं लग्न, रंगरंगोटी काय काय येतं ते पाहावं. दिवाळीचे फटाके तर सर्वांनाच आठवतात. मार्च कोणाच्या ध्यानात राहत नाही.

नवं पाखरू वेगळं ठेवण्याबाबत मी भाच्याला आधी बजावलं नव्हतं. त्याने माझं ऐकलं नाही असं नाही, मी सांगितलंच नव्हतं. मादी विकत घेताना मी आता एवढंच विचारते, हिने अंडी घातलेली कोणी पाहिली आहेत का. नसतील तर जानेवारीपर्यंत थांबा म्हणते.

आणि ऑगस्टमधली ती संध्याकाळ. पाखराला जोडी नको हे मी अर्धा तास समजावत बसले. त्याऐवजी मावशींना रोज संध्याकाळी माझ्याकडे यायला सांगितलं असतं, तर कदाचित त्यांनी ऑक्टोबरपर्यंत वाट पाहिली असती.

पुढे

वाचलेलं पिल्लू सतराव्या दिवशी घरट्याबाहेर आलं आणि महिन्याचं झाल्यावर स्वतः दाणे सोलू लागलं. एप्रिलच्या सुरुवातीला मादी पुन्हा कागद फाडू लागली होती. दुसरी वीण घेण्याचा मोह सगळ्यांना झाला. उन्हाळा तोंडावर होता. दिव्याचे तास हळूहळू कमी केले, घरटं काढून घेतलं आणि पिल्लू खायला लागल्यावर मादी माझ्याकडे परत आणली. नर एकटा झाल्यावर चौथ्या दिवशी देवघरातल्या घंटेबरोबर गायला.

मेच्या अखेरीस एका सकाळी मावशींचा फोन आला. पिल्लू दांडीवर डोळे अर्धे मिटून काहीतरी पुटपुटतंय, म्हणाल्या, आणि घसा फुगतोय. मी म्हटलं, मग तो नर आहे, बापापासून वेगळा करावा लागेल. मी तयारीत होते की आता या पोरासाठी मादीचं विचारतील. त्यांनी विचारलं, नवा पिंजरा मागच्या खोलीत लावला तर तिथे सकाळचं ऊन पुरेल का.